पोहणारं कासव: मिरवणुकीसाठी कंदील-बाहुली कशी बनवाल

आकाशकंदील एका जागी टांगला की त्याचं काम झालं. मिरवणुकीतली कंदील-बाहुली मात्र चालते, मान हलवते, गर्दीतल्या एखाद्या पोराकडे वळून बघते. तिच्या पोटात दिवा असला तरी ती आधी बाहुली आहे. म्हणून कामाचा क्रम असा धरायचा: आधी सांधे, मग उजेड, कागद सगळ्यात शेवटी. बहुतेक गट उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी रंगीत कागद आणतात, सांगाडा सुंदर मढवतात आणि मग आत दिवा कुठून घालायचा आणि काठी कुठे बांधायची याचा विचार करत बसतात. तोवर कागद फाटलेला असतो.

इथे मी नमुन्यासाठी ऑलिव्ह रिडले कासव घेतलं आहे. रत्नागिरीतल्या वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांमुळे हे कासव आपल्याकडच्या मुलांना ओळखीचं आहे. शिवाय बाहुली म्हणून ते सोपं पडतं, कारण शरीराचे भाग मोजके: पाठ, डोकं, पुढची दोन लांब वल्ही आणि मागची दोन छोटी. एक जण मधला खांब धरतो, दोघे पुढची वल्ही हलवतात. पाच-सहा जणांच्या गटाला दोन शनिवार-रविवार पुरतात. बगळा, सुरमई, वटवाघूळ यांतलं काही करायचं असेल तरी रीत हीच.

आधी फरशीवर खडूने

खऱ्या ऑलिव्ह रिडलेची पाठ साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. आपण दुप्पट, म्हणजे १२० सेंटिमीटर धरू आणि रुंदी ९५. कागदावर छोटं चित्र काढून त्यावरून मापं मोजत बसू नका. गच्चीवर किंवा हॉलच्या फरशीवर खडूने पूर्ण आकारात काढा. वरून दिसणारा आकार बदामासारखा, मानेकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळता. शेजारीच बाजूने दिसणारी कमान काढा: पाठीची उंची ३० सेंटिमीटर, पोटाची खोली १०.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा: लोक हे कुठून बघणार? बाहुली डोक्यांच्या वर तरंगते, रस्त्यावरच्या माणसाला तिचं पोट आणि कडा दिसतात. पाठीवरची सुंदर नक्षी फक्त गॅलरीतल्यांना दिसते. म्हणून दोन गोष्टी आत्ताच ठरवा. पोटही पाठीइतक्याच काळजीने मढवायचं. आणि खांबाला कासव थोडं कलतं, तोंड किंचित खाली करून बांधायचं, म्हणजे समोरून येणाऱ्यांना पाठही दिसेल.

बांबू आणि कामट्या

बुरुडाकडून तयार कामट्या मिळतात आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात. पुण्यात बुरूड आळी आहे, कोकणात बहुतेक बाजाराच्या गावी कोणी ना कोणी बुरूड असतो. मापं सांगून घ्या: कडेसाठी १० ते १२ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड, पाठीच्या बरगड्यांसाठी ६ मिलिमीटर रुंद. मधल्या खांबाला कोकणातला माणगा उत्तम. सरळ असतो, काटे नसतात आणि आतून जवळजवळ भरीव असल्याने चेपत नाही.

स्वतः फोडणार असाल तर बांबू नेहमी निम्मा-निम्मा करत जा. एका कडेने पातळ पट्टी सोलायला गेलात तर चीर पातळ बाजूकडे पळते आणि कामटी मध्येच सुटते. चीर पळायला लागली की कोयता थांबवा, जाड बाजू हाताने बाहेर वाकवा आणि हळूहळू पुढे सरका. चीर पुन्हा मध्यावर येते. हे एकदा हाताला कळलं की फोडण्याचं काम आवडायला लागतं. ओला बांबू चांगला वाकतो, पण वाळताना आकसतो आणि गाठी सैल पडतात. त्यामुळे फोडून आठवडाभर सावलीत ठेवा आणि वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा.

कामटीची कडा सुरीइतकी धारदार असते. सुरीच्या पाठीने दोन्ही कडा खरवडून वर पॉलिश पेपर मारा. मुलं काम करणार असतील तर याला पर्याय नाही, कारण बोटात शिरलेली बांबूची कूस काढणं फार त्रासाचं. वाकवताना सालीची चकचकीत बाजू बाहेर ठेवा. तिथेच बांबूचं बळ असतं. ती आत ठेवली तर कामटी मोडते. एकाच जागी जास्त वाक हवा असेल तर तिथे मेणबत्तीची ज्योत काही क्षण फिरवा, वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवा.

सांगाडा

आधी कडं. दोन कामट्या २० सेंटिमीटर एकावर एक येतील अशा जोडा आणि खडूच्या बदामावर बसवा. मग मानेपासून शेपटीपर्यंत पाठीचा कणा, ३० सेंटिमीटर उंचीची कमान. त्यावर आडव्या चार बरगड्या. पोटाच्या बाजूने एक उथळ कणा आणि दोन आडव्या. एवढं पुरतं. जास्त कामट्या घातल्या की वजन वाढतं आणि आतून उजेड पडला की प्रत्येक कामटीची काळी रेघ दिसते. ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर मधली एक रांग आणि दोन्ही बाजूंना सहसा सहा किंवा त्याहून अधिक खवले असतात, इतर समुद्री कासवांपेक्षा जास्त. म्हणून बरगड्या शक्यतो खवल्यांच्या सीमेवर येतील अशा ठेवा. ती सावलीच मग नक्षी होते.

बांधणीला जाड साखळी दोरा वापरा. दोन कामट्या एकमेकींवर आडव्या आल्या की चार वेढे एका तिरक्या दिशेने, चार दुसऱ्या. मग दोन कामट्यांच्या मधून दोन वेढे ओढून आधीचे वेढे आवळा. हे शेवटचे दोन वेढे बहुतेक जण विसरतात आणि त्यांच्याविना गाठ सरकते. वरून फेविकॉलचं बोट फिरवा. जिथे खरा भार येतो, म्हणजे खांबाशी आणि वल्ह्यांशी, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या ताणून गुंडाळा. रबर ओढून धरतं, घसरत नाही.

आता खांब. कासवाच्या आत, पोटाच्या पातळीवर दोन आडवे बांबू घाला. सांगाडा एका दोरीवर टांगून तोल कुठे साधतो ते बघा आणि तिथे खूण करा. डोकं आणि वल्ही बसवून पुन्हा बघा, कारण तोल पुढे सरकतो. खांब त्या जागेतून वर न्या आणि दोन ठिकाणी बांधा: एकदा पोटाशी, एकदा पाठीच्या कण्याशी. एकाच ठिकाणी बांधलेलं कासव वाऱ्याच्या पहिल्या झोतात खांबाभोवती गरकन फिरतं. सगळं मिळून वजन तीन किलोच्या आत ठेवा. वर धरलेले तीन किलो अर्ध्या तासाने खूप जड होतात. खांबाचं खालचं टोक टेकायला कमरेला झेंडा धरायचा पट्टा असला तर खांदे वाचतात.

सांधे

पाण्यात पोहताना समुद्री कासवाची पुढची दोन्ही वल्ही एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, मागची दोन दिशा बदलायला. वाळूवरची ऑलिव्ह रिडलेची चाल वेगळी असते, तिथे ती वल्ही आळीपाळीने टाकते. आपलं कासव हवेत पोहणार आहे, तेव्हा दोन्ही वल्ही एकत्र. वेळासला जाऊन आलेली मुलं हा फरक लगेच ओळखतात, म्हणून तो सांभाळा.

प्रत्येक पुढचं वल्हं ८० सेंटिमीटर लांब, २८ रुंद. एका कामटीचं लांबट पान करायचं आणि मधे एक शीर. ते कड्याला जोडताना ट्यूबच्या दोन पट्ट्या लावा, एकमेकींपासून १२ सेंटिमीटरवर. एकच पट्टी असेल तर वल्हं पिळलं जातं. दोन असल्या की ते फक्त वर-खाली होतं. हलवायची काठी वल्ह्याच्या टोकाला बांधू नका. शरीरापासून दोन-तृतीयांश अंतरावर, सैल फासाने बांधा. टोक मोकळं राहिलं की ते किंचित मागे रेंगाळतं आणि त्या रेंगाळण्यातच पाणी दिसतं.

डोक्याला वेगळी यंत्रणा नको. पाठीचा कणा मानेतून ३० सेंटिमीटर पुढे मोकळा सोडा आणि त्याच्या टोकावर हलकं डोकं बसवा, दोन कड्या एकमेकींत आडव्या घालून. चालताना ते आपोआप डुलतं. मानेवर कागद टिकणार नाही. तिथे पांढऱ्या मलमलीची सैल नळी शिवून घाला.

इथे थांबा. कागदाला हात लावण्याआधी उघडा सांगाडा घेऊन तिघांनी गल्लीत एक फेरी मारा आणि कुणालातरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. उघडं, हाडांचं कासवही जिवंत वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर काठीची जागा बदला, पट्टी सैल करा. हे आत्ता पाच मिनिटांचं काम आहे.

उजेड

पणती नको, मेणबत्ती नको. कागद, बांबू आणि लहान मुलं एकत्र आहेत, तिथे एलईडीच. पाच व्होल्टची, यूएसबीवर चालणारी दोन मीटर पट्टी धडासाठी पुरते. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी ती मीटरवर मिळते. घेताना वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर मागा, साधारण ३००० केल्विन. निळसर पांढऱ्या पट्टीने कागद मेल्यासारखा दिसतो.

पट्टी कामट्यांना चिकटवू नका. कागदाजवळ आली की प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका उठतो. कासवाच्या आत, मधल्या खांबाभोवतीच ती गोल गुंडाळा, कागदापासून किमान १५ सेंटिमीटर आत. त्यावर बटर पेपरची सैल गुंडाळी घातली की उजेड एकसारखा पसरतो. पण हा उजेड वल्ह्यांपर्यंत पोचत नाही आणि अंधारी वल्ही रात्री दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी तांब्याच्या बारीक तारेच्या दिव्यांच्या माळा घ्या, एक-एक प्रत्येक वल्ह्यात, एक डोक्यात. सांध्यापाशी वायरीला एक मोकळा वळसा ठेवा, नाहीतर हलण्याने ती तासाभरात तुटते.

पॉवर बँक कासवाच्या पोटात न ठेवता खांब धरणाऱ्याच्या कमरेच्या पाउचमध्ये ठेवा. वरचं वजन कमी होतं आणि बदलायला सोपी. वायर खांबावरून खाली आणा. दोन मीटरपेक्षा लांब आणि बारीक वायर घेतली तर व्होल्टेज पडून उजेड मंदावतो. हिशोब असा: १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तास असतात, रूपांतरातली गळती धरता हाताला ३० येतात. ८ वॉटची पट्टी त्यावर साडेतीन तासांच्या आसपास चालते. एक गोष्ट मात्र अनेकांना ऐन वेळी छळते: फक्त बारीक माळ जोडली तर ती इतकी कमी वीज घेते की पॉवर बँकेला काहीच जोडलेलं नाही असं वाटतं आणि ती काही सेकंदांनी आपोआप बंद होते. म्हणून माळा आणि मोठी पट्टी एकाच जोडणीवर घ्या आणि घरी सलग तासभर लावून बघा. फुगलेली, जुनी पॉवर बँक अजिबात वापरू नका.

कागद

पांढरा पतंगी कागद, दोन थर. एक थर फाटतो, तीन थरांतून उजेड येत नाही. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा पाच वाट्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर तिच्या चौथा हिस्सा फेविकॉल मिसळा. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे आणि इथे मुलांचे हात कोपरापर्यंत खळीत असणार, तेव्हा ती नको.

कागदाचे वहीच्या पानाएवढे तुकडे करा. घुमटावर मोठा ताव बसत नाही, चुण्या पडतात. प्लास्टिकवर तुकडा पसरा, मऊ ब्रशने खळ लावा, दोन कोपरे धरून उचला आणि कामट्यांवर ठेवा. कडा कामटीभोवती वळवून आत दाबा. पुढचा तुकडा आधीच्यावर बोटभर चढवा. ओला पतंगी कागद बोटाच्या नखानेही फाटतो, म्हणून ओढायचं नाही. सैल राहिला तरी चालेल. वाळताना तो स्वतःच ताणला जातो आणि सकाळी टिचकी मारली की डफासारखा वाजतो.

हा ताण साधा नसतो. एकच बाजू मढवून रात्रभर ठेवली तर ती सांगाड्याला आपल्याकडे खेचते आणि सकाळी कासव वाकडं होतं. म्हणून पाठीचा आणि पोटाचा पहिला थर एकाच दिवशी, डावी-उजवी बाजू जोडीने. वाळवायचं सावलीत, पंख्यापासून लांब. दुसरा थर दुसऱ्या दिवशी, तुकडे पहिल्याच्या आडव्या दिशेने. पोटाला शेपटीकडे हात जाईल एवढी झडप ठेवा आणि कापडी चिकटपट्टीने बंद करा. दिवा बिघडला तर तिथूनच हात घालायचा आहे.

रंग

आतला दिवा लावूनच रंगवा. दिवसाउजेडी छान दिसलेला पोस्टर कलर रात्री नुसता काळा डाग होतो, कारण त्यातून उजेड जात नाही. पातळ केलेला खाण्याचा रंग किंवा रंगीत शाई चालते. ऑलिव्ह रिडलेचा राखाडी-हिरवा रंग जसाच्या तसा उतरवायचा प्रयत्न करू नका, रात्री तो मळकट दिसतो. हिरव्यात थोडा पिवळा घ्या, पोटाला जवळजवळ काही नको. रंगीत पतंगी कागदाचे तुकडे दुसऱ्या थरात बसवले तर आणखी झळाळी येते, पण खळीच्या ओलाव्याने त्यांचा रंग सुटतो; ते सुक्या हाताने, कमी खळीत लावा.

जपानमधल्या आओमोरीच्या नेबुता उत्सवात कागदाचे प्रचंड कंदील-पुतळे निघतात. तिथले कारागीर काळ्या शाईने रेघा काढतात आणि मग वितळलेल्या मेणाने नक्षी करतात. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही, एक रंग दुसऱ्यात पसरत नाही आणि कागद तिथे जास्त पारदर्शक होतो. ही युक्ती आपल्यालाही जमते: रंगवण्याआधी खवल्यांच्या सीमांवर मेणबत्तीचा तुकडा जोर न देता फिरवा. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीतली ठाकर समाजाची चामड्याच्या बाहुल्यांची परंपराही हेच शिकवते की मागून उजेड आल्यावर जे दिसेल, तेच खरं चित्र. त्या गावचे परशुराम गंगावणे यांना या लोककलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गट घेऊन तिथे जाता आलं तर जरूर जा.

मिरवणूक

मार्ग दिवसा चालून बघा, हातात कासवाच्या उंचीची काठी घेऊन. आपल्या गल्ल्यांत केबल, विजेच्या तारा आणि पताका कुठे खाली आल्या आहेत ते त्या काठीनेच कळतं. एकूण उंची दहा फुटांच्या आत ठेवा. विजेच्या तारेखालून जाताना बाहुली उतरवायची, हे आधीच ठरलेलं असू दे. पोलीस ठाण्यात लेखी परवानगी मागा. सोसायटी किंवा ग्रामपंचायत तयार असेल तर मार्गावरच्या काही भागातले दिवे अर्धा तास बंद करवून घ्या. कासवाला अंधार मिळाला पाहिजे.

तिघांनीही गडद, बिनचमकीचे कपडे घालावेत. आणि प्रेक्षकांकडे नाही, कासवाकडे बघत चालावं. तुम्ही जिकडे बघता तिकडेच लोक बघतात. वेग तुमच्या नेहमीच्या चालीच्या निम्मा. वल्ही वर जाताना सावकाश, खाली येताना जरा जोरात आणि त्या क्षणी खांब धरणाऱ्याने कासव वितभर वर उचलायचं, कारण वल्ह्यांनी पाणी ढकललं की शरीर वर जातं. हा एक ताळमेळ बसला की लोक काठ्या विसरतात. वळताना आधी डोकं, मग शरीर. ढोल-ताशा पुढे असेल तर कासव त्याच्यापासून बरंच मागे ठेवा. टाळ किंवा एखादी बासरी त्याला जास्त मानवते. सोबत एक जण मोकळा ठेवा, पिशवीत कागदी टेप, पतंगी कागदाचे तुकडे, दोरा, दुसरी पॉवर बँक आणि बॅटरी घेऊन.

लहान मुलांच्या हाती पिल्लं द्या: वीतभर कड्याला दोन कमानी, आत एक बारीक माळ, एक काठी. फक्त त्यांना आईच्या मागे रांगेत लावू नका. ऑलिव्ह रिडलेची मादी अंडी घालून समुद्रात निघून जाते, पिल्लांची आणि तिची भेट होत नाही. पिल्लं मिरवणुकीत आधी, एकटी, भराभर पुढे जाऊ देत.

मिरवणूक त्रिपुरी पौर्णिमेला किनाऱ्याच्या गावी असेल तर ती गावातच ठेवा, वाळूवर नेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. किनाऱ्यावर उजेड दिसला तर मादी परत फिरू शकते. पुढे पिल्लं निघतात तेव्हा ती सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. कंदील लावले तर ती आपल्याकडे येतील.

मिरवणूक झाल्यावर पॉवर बँक त्याच रात्री काढा. कासव खांबावरून उतरवून छताला टांगा, जमिनीवर ठेवलं तर कड्याचा आकार बिघडतो आणि उंदीर खळीसाठी कागद कुरतडतात. पावसाळ्यात कागद सैल पडेलच. पुढच्या वर्षी कोमट पाण्याने भिजवून तो सोलून काढायचा, ट्यूबच्या पट्ट्या बदलायच्या, गाठी तपासायच्या आणि त्याच सांगाड्यावर नवा कागद चढवायचा.